कायरोप्रॅक्टरकडे जाऊ का? कंबर धरलीये, सल्ला हवा

नागमोडी

मंडळी नमस्कार, एरवी मी वाचनमात्र असतो, आज कमरेने लिहितं केलंय.

गेल्याच्या आधीच्या रविवारी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो. वरचा भुसभुशीत होता पण खालचा थर भिजून दगडासारखा, फावडं भरलं, पाय जागच्या जागी ठेवून नुसतं कमरेतून वळून डावीकडे फेकलं आणि तिथेच उसण भरली. पाच मिनिटं फावड्याला धरून वाकलेला उभा, समोरचे आजोबा खिडकीतून हात करतायत आणि मला उलट हात करायला मान वर करता येईना. शेवटी बायकोने कॉम्प्युटरची चाकाची खुर्ची गराजपर्यंत आणली आणि माझी मिरवणूक घरात गेली.

आज नववा दिवस. पहिल्यापेक्षा बरं आहे पण मोजे घालायला अजून मुलाला हाक मारावी लागते, शिंक आली की आधी भिंत शोधतो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पाय सरळ उचलून बघितले, गुडघ्यावर हातोडी वाजवली, म्हणाल्या कळ पायात उतरत नाहीये, बधिरपणा नाहीये, तर एमआरआय नको, आयबुप्रोफेन घ्या, शेक घ्या, झोपून राहू नका. फिजिओथेरपी लिहून दिली तर तिची तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची.

आता मी राहतो आयोवात, बेटेनडॉर्फला, नोकरी नदीपलीकडे मोलीनला ट्रॅक्टरच्या कंपनीत (पुण्याहून इकडे आलेले निम्मे तिथेच असतात). ऑफिसात कुणालाही कंबर म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, माझा कायरोप्रॅक्टर एकदम भारी आहे. (कायरोप्रॅक्टर म्हणजे हाताने मणक्यांना, सांध्यांना झटके देऊन उपचार करणारा.) आपल्याकडे फॅमिली ज्योतिषी असतो तसा इथे प्रत्येकाचा एक कायरो. उद्याचीच वेळ मिळतेय. पण ते रील्समध्ये मान पिरगळून कडाकड वाजवतात ते बघून हिंमत होत नाही.

कुणी गेलंय का? नक्की काय करतात, दुखतं का, किती वेळा जावं लागतं? आणि ते मणका सरकलेला 'बसवतात' हे खरं असतं का?

तिरफळ

एवढे डॉलर कशाला घालवताय, एखादा पायाळू शोधा. माझा थोरला चुलता पायाळू, जन्मभर गावाच्या कमरेला लाथा मारत आला. उसण भरलेला माणूस सकाळी चहाच्या आधी येऊन आमच्या पडवीत पालथा पडायचा, काका उजव्या पायाने तीनदा लाथ लावायचा, झालं. फी नाही, कधीतरी नारळ. आणि लोक खरंच उठून चालत जायचे हो. काका स्वतः कमरेला पट्टा बांधून असायचा ते सोडा. हलकेच घ्या.

दुपारचा_चहा

अहो नागमोडी, तुम्ही राहताय कुठे याची कल्पना आहे का? कायरोप्रॅक्टिकची पंढरीच ती! मी सहा वर्षं तुमच्या शेजारच्या डेव्हनपोर्टला काढलीत. ब्रॅडी स्ट्रीटचा चढ चढताना जे पामर कॉलेज लागतं ना, तिथूनच हे सगळं जगभर गेलं.

डॅनियल डेव्हिड पामर नावाचा माणूस, आधी हाताने 'चुंबकीय' उपचार करायचा. १८९५च्या सप्टेंबरात त्याने त्याच्याच इमारतीतल्या सफाई कामगाराच्या, हार्वे लिलार्डच्या, पाठीतला एक मणका दाबला आणि त्या माणसाला पुन्हा ऐकू यायला लागलं असा दावा केला. कानाची नस पाठीच्या मणक्यातून जातच नाही, पण पामरबाबांनी त्यावरून सिद्धान्त मांडला की मणके जागचे हलतात (त्याला सबलक्सेशन म्हणायचं), त्याने नसा अडतात आणि बहुतेक सगळे आजार त्यातूनच होतात. १८९७ला शाळा काढली, १९०६ला विनापरवाना डॉक्टरकी केली म्हणून तुरुंगात जाऊन आले. धंदा वाढवला तो मुलाने, बी. जे. पामरने.

मग डॉक्टर लोकांशी अनेक दशकं भांडण. डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, आपल्या लोकांना यांच्याशी व्यावसायिक संबंध ठेवायलाही मनाई केली होती, त्यावर काही कायरोप्रॅक्टर १९७६ला कोर्टात गेले आणि १९८७ला निकाल कायरोंच्या बाजूने लागला. पण नीट लक्षात घ्या, निकाल बहिष्कार बेकायदा ठरवणारा होता, उपचाराने गुण येतो असं काही कोर्टाने म्हटलेलं नाही. परवाना आता ५०ही राज्यांत आहे, शेवटचं लुइझियाना, १९७४.

कामाचं सांगायचं तर यांच्यात दोन घराणी. एक 'स्ट्रेट', म्हणजे पामरच्या मूळ गादीचे, सगळं मणक्यावर ढकलणारे. दुसरे 'मिक्सर', हे मॅनिप्युलेशनसोबत (म्हणजे हाताने सांध्याला झटका देणं) व्यायाम, मसाज, शेक सगळं देतात आणि कंबर-मान-सांधे एवढ्यातच राहतात. मी फोनवर एकच प्रश्न विचारायचो, माझ्या मुलाला दमा आहे, त्यावर तुमच्याकडे इलाज आहे का? हो म्हणाले की फोन ठेवायचा. (मुलाला दमा नाही.)

अडगुलंमडगुलं

दमावाली युक्ती जबरी आहे :)

रानजाई

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, बारा वर्षं झाली, म्हणजे माझं माप थोडं माझ्या बाजूला झुकणार हे धरूनच वाचा.

आधी त्या 'कट्ट'बद्दल, कारण लोक पैसे त्याचेच देतात. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे छोटे सांधे असतात, आत वंगण असतं. सांधा झटकन ताणला की आतला दाब एकदम कमी होतो आणि वंगणात वायूची पोकळी तयार होते, तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ला एमआरआय चालू असताना बोटं ओढून हे चित्रात पकडलं. एकदा वाजलेला सांधा साधारण वीसेक मिनिटं परत वाजत नाही, करून बघा. तर हाड हाडावर 'बसल्याचा' तो आवाज नाही. मणका खरंच जागचा सुटला असता तर तुम्ही इथे धागा काढत बसला नसता, आयसीयूत असता.

मग गुण येतो तो कशाने? झटका बसला की आजूबाजूचा आवळलेला स्नायू सैल पडतो, मेंदूपर्यंत जाणारी दुखण्याची तार थोडा वेळ मंदावते, आणि माणसाची भीती जाते, हे तिसरं लोक धरतच नाहीत. तास दोन तास, कधी दोन दिवस हलकं वाटतं. तेवढ्यात चालून, वाकून, व्यायाम करून घेतला तर फायदा टिकतो, आणि 'आता बसवलंय, हलवू नको' म्हणून सोफ्यावर पडलात तर परत पहिले पाढे.

दोन मणक्यांमधल्या गादीचं (डिस्कचं) पण सांगते. गादी साबणाच्या वडीसारखी सरकत वगैरे नाही, ती फुगते किंवा तिची कड फाटते. आणि ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन गोळा करून बघितले तर विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांच्या. म्हणजे रिपोर्टमध्ये 'एल फोर एल फाइव्ह बल्ज' (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलीये) वाचून जी माणसं माझ्याकडे रडत येतात त्यातल्या बऱ्याच जणांचा तो बल्ज आधीपासून गुपचूप बसलेला असतो.

माझ्याकडे एक रिक्षावाले काका यायचे. त्यांना मॅनिप्युलेशन केलं की कट्ट वाजायचं आणि ते खूश. एकदा वाजलंच नाही. चाल सुधारलेली, मोजे स्वतः घातले, आणि तरी दारातून परत आले, म्हणे मॅडम आज आवाज नाही झाला, अर्धेच पैसे देऊ का. दिले पण अर्धेच!

जा जायचं तर. तुमची कंबर ताजी आहे, पायात कळ नाही, डॉक्टरने आधी तपासलंय, अशा वेळी फारसा धोका नाही. फक्त मान करू देऊ नका, तुमची मान कुठे दुखतेय?

पावसाळी_छत्री

रानजाईंना अनुमोदन. मी इंग्लंडात लेस्टरला असते. इकडे कायरोप्रॅक्टरना कायद्याने नोंदणी लागते, १९९४चा कायदा आहे आणि त्यांची स्वतःची कौन्सिल आहे, पण जीपी (फॅमिली डॉक्टर) सहसा तिकडे पाठवत नाही, बहुतेक जण खिशातून पैसे भरून जातात. इथल्या नाइसच्या (उपचारांच्या सूचना काढणारी सरकारी संस्था) २०१६च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंबरदुखीला हाताचे उपचार (मॅनिप्युलेशन, मसाज) करायला हरकत नाही म्हटलंय, पण व्यायामाच्या जोडीनेच, एकटे नाहीत. गंमत म्हणजे त्याच यादीत कमरेचा पट्टा नको, ट्रॅक्शन नको, अल्ट्रासाउंड नको, टेन्स नको, आयएफटी नको (ही दोन्ही विजेचा हलका प्रवाह देणारी मशीन) असंही लिहिलंय. म्हणजे आपल्याकडे फिजिओकडे गेल्यावर जे जे लावतात ते सगळंच.

तिकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, फिजिशियन्सच्या कॉलेजने २०१७ला ज्या सूचना काढल्यात त्यात ताज्या कंबरदुखीला गोळीच्या आधी शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर, मॅनिप्युलेशन यातलं काहीही चालेल म्हटलंय, आणि त्यामागचं कारण असं की बहुतेकांचं दुखणं काहीही केलं तरी हळूहळू उतरणारच असतं, मग निदान कमी अपाय करणारं तरी निवडा. कौतुक वाटून घ्यायचं असेल त्याने घ्यावं.

इथे सायमन सिंग या विज्ञानलेखकाने २००८ला लिहिलं होतं की बाळांच्या पोटदुखीला, दम्याला कायरो उपचार करतात त्याला पुरावा नाही, तर ब्रिटनच्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्याच्यावर बदनामीचा दावा लावला. दोन वर्षं चालला आणि २०१०ला संघटनेनेच मागे घेतला.

रानजाई

@पावसाळी_छत्री, टेन्स आणि आयएफटीचं बरोबर आहे, मलाही झोंबलं पण बरोबर आहे. मी मशीन लावते ते दहा मिनिटं, खरं सांगू का, मशीन लावलं नाही तर पेशंट म्हणतो नुसता व्यायाम तर घरी पण करता येतो. मग घरी करतो का? नाही.

डबा_पार्टी

माझा अनुभव सांगते, क्लिनिकचं नाव घेणार नाही, न्यू जर्सीत पाच वर्षांपूर्वीचा.

देशी दुकानाबाहेर टेबल लावून बसले होते, 'मोफत मणका तपासणी'. मी तांदळाची वीस पौंडांची पिशवी खांद्यावर घेऊन बाहेर येतेय, साहजिकच सावज दिसले असणार. गेले. मोफत एक्सरे काढला. दुसऱ्या दिवशी 'रिपोर्ट ऑफ फाइंडिंग्ज' म्हणून नवऱ्यालाही सोबत बोलावलं, का तर निर्णय दोघांनी घ्यायचा. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर माझी मान, त्यावर हिरवी रेघ म्हणजे आदर्श मान, लाल रेघ म्हणजे मी. तुमच्या मानेचा कमानीसारखा बाक गेलाय, आता काही केलं नाही तर दहा वर्षांनी ही अशी, म्हणून एका म्हातारीचा एक्सरे. अहो मी कंबर दुखते म्हणून गेले होते!

तर ३६ सिटिंगचं पॅकेज, आठवड्याला तीन, पैसे आधी भरले तर पंधरा टक्के सूट. नवरा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. भरले. प्रत्येक सिटिंग किती वेळ, तर मी घड्याळ लावलं होतं एकदा, चार मिनिटं. एका हॉलमध्ये पाच टेबलं, आपण पालथं पडायचं, तो येतो, कट्ट कट्ट, सी यू वेन्सडे. व्यायाम एकही नाही. चौदाव्या वेळेला कंबर पूर्ण बरी होती (तोपर्यंत दुखायला लागून दोन महिने झाले होते म्हणा) तर म्हणे आता दुखणं गेलं, आता खरं 'करेक्शन' सुरू होईल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उरलेले पैसे मागितले तर सूट रद्द करून, प्रत्येक सिटिंग पूर्ण दराने लावून, एक्सरेचे (मोफतच्या!) पैसे कापून जे हातात आलं त्यात एक बरा प्रेशर कुकर आला असता.

तेव्हा नागमोडी, एकच, आधी पैसे भरू नका. कितीही सूट देवोत.

सुपारी_फुटली

+१ डबा_पार्टी. आमच्याकडे ४८चं होतं.

सरळमार्गी

इथे सगळे एकाच सुरात बोलतायत म्हणून लिहितो. मी गेली अकरा वर्षं महिन्यातून एकदा जातो, कंबर कधी धरली नाही, अर्धशिशी गेली, झोप सुधारली. नसांमधून ऊर्जेचा प्रवाह मोकळा होतो हे विज्ञानाला मान्य नसेल पण अनुभवाला आहे. डॉक्टरांनी मला ऑपरेशन सांगितलं होतं. आता मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) पण पैसे देते, उगाच देईल का?

दुपारचा_चहा

सरळमार्गी, तुम्हाला बरं वाटतंय यात वाद नाही, जात राहा. पण मेडिकेअर देते ते फक्त हाताने मणक्याच्या मॅनिप्युलेशनचे. कायरोप्रॅक्टरने सांगितलेला एक्सरे नाही, मसाज नाही, आणि 'मेंटेनन्स' म्हणून महिन्याची वारी तर नाहीच. ऊर्जेच्या प्रवाहाचे तर नाहीतच.

सरळमार्गी

ठीक आहे. प्रत्येकाचा अनुभव. माझ्याकडून पूर्णविराम.

गोट्या_सांगलीकर

धाग्यात घुसतोय माफ करा पण विषय तोच हाय. आई ६८, दोन वर्षांमागं न्हाणीत पडली तर मनगट मोडलं होतं, तवा हाडं ठिसूळ झालीत म्हणाले. आता पाठ लई दुखती, जरा वाक पण आलाय. इकडं एक जण हॉटेलात शिबिर घेतोय, वाय सारखा पट्टा हनुवटीला लावून मान वढतोय, इन्स्टावर दोन लाख लोक बघत्यात. आई म्हणती एकदा ने मला. नेऊ काय?

अस्थिर

गोट्या, नेऊ नका. हे अगदी स्पष्ट सांगतो. मी नाशिकला ऑर्थोपेडिक आहे.

ठिसूळ हाडं, आधी एक फ्रॅक्चर, नवीन पाठदुखी आणि वाक, हे सगळं एकत्र म्हणजे मणका दबून मोडलेला असण्याची दाट शक्यता. असे मणके पडल्याशिवायही मोडतात, नुसती बादली उचलताना, खोकताना. त्यावर कुणी गुडघा देऊन झटका मारला तर उरलेला मणका पण जाईल. आधी साधा एक्सरे, मग हाडांच्या घनतेची डेक्सा टेस्ट, ड जीवनसत्त्व, आणि ठिसूळपणावरचं औषध. हे या आठवड्यात करा. आणि भारतात कायरोप्रॅक्टर या धंद्याला स्वतंत्र कौन्सिल नाही, त्यामुळे शिबिरवाला परदेशात चार वर्षं शिकून आलाय का दोन दिवसांचा कोर्स करून, हे तुम्हाला पाटीवरून कळणार नाही. चांगले शिकलेलेही आहेत थोडे, पण ते हॉटेलात रांग लावून मान ओढत नाहीत.

बाकी सगळ्यांसाठी. कमरेचं मॅनिप्युलेशन तसं फार धोक्याचं नाही, दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं एवढंच बहुधा. मानेचं वेगळं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर जातात. मान झटकन फिरवली तर क्वचित त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी होते आणि लकवा येतो. फार दुर्मिळ आहे, आणि काही जणांची धमनी आधीच चिरलेली असते, मान दुखते ती त्यामुळेच, आणि ते त्यासाठीच कायरोकडे गेलेले असतात, त्यामुळे दोष कुणाचा यावर वाद आहे. पण ज्याला होतो त्याच्यासाठी दुर्मिळ नसतो. हेच आपल्या न्हाव्याच्या चंपीलाही लागू. शेवटी डोकं धरून टकाटक करतो ना, हात जोडून नको म्हणायचं. नंतर मानेत किंवा डोक्यात कधी नव्हे असं दुखणं, चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं यातलं काही झालं तर थेट हॉस्पिटल.

आणि कंबरदुखीत जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा कळेनाशी होणं, पाऊल लुळं पडून चप्पल निसटणं, किंवा दुखण्यासोबत ताप, वजन उतरणं, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, हे असेल तर कायरो नको, फिजिओ नको, मसाज नको, पायाळू तर नकोच नको. लघवी अडली तर त्याच रात्री हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. माझा एक पेशंट चार दिवस तेल लावून घेत बसला होता. पाय वाचले, लघवीची पिशवी कायमची राहिली.

गोट्या_सांगलीकर

लई आभार डॉक्टर. उद्याच मिरजेला नेतो.

नागमोडी

मंडळी, गेलो बरं का. दोन वेळा झालं. सविस्तर लिहितो कारण मला हेच कुठे मराठीत वाचायला मिळालं नव्हतं.

दमावाला प्रश्न विचारला. पहिल्या दोघांनी हो म्हटलं, एकाने तर सोबत टॉन्सिल पण गोळ्यांशिवाय बरे करतो म्हणून सांगितलं. तिसरी बाई म्हणाली नाही, दम्यासाठी डॉक्टर बघा, मी सांधे बघते. तिच्याकडे गेलो.

पहिली भेट पाऊण तास. फॉर्मवर माणसाचं चित्र, दुखतं तिथे काट मारायची. मग तिने अस्थिर डॉक्टरांची सगळी यादी जवळपास शब्दशः विचारली, लघवी, ताप, बधिरपणा, रात्री दुखून जाग येते का. पाय उचलले, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. एक्सरे काढायचा का विचारलं तर म्हणाली कशाला, त्यात तुमचा बर्फ दिसणार नाही. एका कागदावर संमतीची सही घेतली, त्यात लकव्याचाही उल्लेख होता. मी म्हटलं मान नको. म्हणाली दुखत नाहीये ना, मग मी का हात लावू.

टेबल म्हणजे आपल्या शिंप्याच्या टेबलाएवढंच रुंद, तोंडाशी भोक, त्यावर कागदाची पट्टी. पालथं पडलो की नाक थेट खाली, समोर तिचे बूट आणि कार्पेटवर पडलेला एक मणी, दोन्ही दिवस तोच मणी. आधी तळहाताने पाठ चाचपत गेली, डाव्या बाजूला कंबर आणि कुल्ल्याच्या मधे दाबलं तेव्हा मी आईगं म्हणालो, ते तिला न सांगता कळलं. मग टेबलाचा कमरेखालचा तुकडा इंचभर वर उचलला, त्यावर दाब दिला आणि तो तुकडा ठॉक करून खाली पडला. मला वाटलं मीच मोडलो. तो आवाज टेबलाचा होता!

मग कुशीवर. वरचा गुडघा पोटाशी, खालचा पाय सरळ, हात छातीवर बांधलेले. तिने एक हात खांद्यावर, दुसरा कुल्ल्यावर ठेवून पीळ दिला, श्वास घ्या, सोडा, आणि सोडता सोडता एक झटका. वाजलं. तीन-चारदा एकदम, सुकी काटकी मोडावी तसं. दुखलं नाही. पण त्याआधीचे ते दोन सेकंद, पीळ भरलेला असतो आणि आता होणार हे माहीत असतं, ते वाईट. मी श्वास सोडतच नव्हतो तर ती म्हणाली तुम्ही मला मदत करत नाही आहात.

उठलो तर कंबर हलकी, गाडीत बसताना दार धरावं लागलं नाही. घरी येऊन रुबाबात बायकोला वाकून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिमचा पहिला दिवस असावा तसं सगळं अंग ठणकत होतं, पाठ, बरगड्या, कुल्ला. ते म्हणे साहजिक आहे, दिवस दीड दिवस राहतं. खरंच गेलं.

तिने तीन व्यायाम दिलेत आणि फावडं धरायचं शिकवलं, म्हणजे शब्दशः, कोपऱ्यातला झाडू हातात देऊन. कमरेतून वळायचं नाही, पावलं फिरवायची. मी म्हटलं किती वेळा यायचं, म्हणाली दोन आठवड्यांत चार वेळा करू, फरक नाही पडला तर माझ्याकडे येणं थांबवा आणि परत डॉक्टरकडे जा. पॅकेजचं नावही नाही.

डबा_पार्टी

बाई कुठे बसतात? मी आयोवाला शिफ्ट होते.

तिरफळ

टेबलच आवाज करतं? आमच्या काकाला हे आधी कळायला हवं होतं, पडवीत एक फळी ठेवली असती.

रानजाई

छान लिहिलंत. फावडं शिकवलं त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. व्यायाम कुठले दिलेत ते लिहा ना, आणि खरं सांगा, करताय का?

नागमोडी

पालथं पडून कोपरांवर उठायचं ते एक, पाठीवर झोपून कुल्ले उचलायचे ते, आणि रांगत एक हात आणि उलटा पाय लांब करायचा ते. तिसरं करताना कुत्रा येऊन तोंड चाटतो म्हणून दोनच होतायत.

नागमोडी

शेवटचा अपडेट. चार झाले. चौथ्याला ती म्हणाली आता मला तुमच्यात काही सापडत नाहीये, या आता. मोजे स्वतः घालतो. लांब ड्राइव्ह केल्यावर संध्याकाळी डाव्या बाजूला जडपणा येतो तेवढाच.

आता खरा प्रश्न, तिने बरं केलं का आपोआप झालं? बर्फापासून धरलं तर आज चोवीस दिवस. माझ्याच ऑफिसात एकाची कंबर त्याच आठवड्यात गेली होती, तो कुठेच गेला नाही, नुसता गरम पाण्याची पिशवी घेऊन मीटिंगला बसायचा, तो पण आता टकाटक आहे. बायकोचं मत, तू गेलास म्हणून घरात रोज कण्हणं ऐकू आलं नाही, तेवढ्याचेही पैसे वसूल. मला विचाराल तर पहिल्या दोन वेळांनंतरचा हलकेपणा खरा होता, त्यामुळे मी चालायला लागलो, आणि पुढचं चालण्याने झालं. फिजिओची तारीख परवा आहे, ती ठेवतोय, जडपणासाठी.

गोट्या, आईचं काय झालं?

गोट्या_सांगलीकर

मणका दबलेलाच निघाला, बाराव्या का काय त्या. औषध चालू केलंय, घरातल्या सगळ्या बादल्या मी उचलतोय. आई अजून म्हणती शिबिरात नेलं असतंस तर झालं असतं. तिला हा धागा वाचून दाखवला तर म्हणाली ते नाशिकचे डॉक्टर चांगले वाटतात, लकव्याचं ऐकून गप बसली.

अस्थिर

बादल्या चालू ठेवा. आणि न्हाणीत रबरी मॅट टाका, धरायला दांडा बसवून घ्या, आजच.

पावसाळी_छत्री

नागमोडी, बिल किती झालं ते सांगितलंच नाहीत. सगळ्यांना तेच जाणून घ्यायचंय पण विचारत कुणी नाहीये.

नागमोडी

इन्शुरन्समध्ये वर्षाला वीस भेटी बसतात, मला दर वेळेला तीस डॉलर, म्हणजे चारचे एकशेवीस. शुक्रवारी परत सहा इंच बर्फ सांगितलाय. स्नोब्लोअर (बर्फ उडवायचं मशीन) घेऊ म्हणतोय, त्यासाठी वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

दुपारचा_चहा

वेगळा काढा. आणि तो गाडीतून उतरवताना कुणालातरी बोलवा, वजन बघितलंय का त्याचं?